सासूबाईंची पांढरी पँट

माझ्या मुलीच्या पहिल्या फॅन्सी ड्रेसला मी तिला टोमॅटो केलं होतं. तेव्हा ती नर्सरीत होती. मोबाईलवरून मागवलेला तो लाल फुगा तिच्या गळ्यात अडकवला, डोक्यावर हिरवं देठ बसवलं आणि स्टेजवर सोडलं. त्या फुग्यामुळे तिला स्वतःचे पायच दिसेनात, तेव्हा ती जागच्या जागी खाली बसली ती उठेचना. शेवटी मॅडमनी उचलून आणली. पुढच्या वर्षी परी केली, तर पंखांची तार पाठीला टोचत होती आणि परी दोन मिनिटं नुसती पाठ खाजवत उभी होती. तिसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. मी एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते, त्यामुळे पांढरा कोट घरातच होता. त्याच्या बाह्या दुमडून तिला डॉक्टर करून टाकलं. खर्च नाही, धावपळ नाही. घरी आल्यावर ती मला म्हणाली, मी तर आज तूच झाले होते, त्यात काय मजा आली?

ती पहिलीत गेली त्या वर्षी जानेवारीत शाळेचा निरोप आला की आजी-आजोबा दिवस आहे. नातवंडानं आणि आजीनं किंवा आजोबांनी जोडीनं वेशभूषा करून यायचं आणि दोन मिनिटांत काहीतरी करून दाखवायचं. माझे आईवडील लांब राहतात आणि दोघांच्याही गुडघ्यांना प्रवास सोसत नाही. सासरे चार वर्षांपूर्वी गेले. राहिल्या माझ्या सासूबाई. त्या जेऊरच्या. माहेर तिथलंच आणि सासरही त्याच शिवारातलं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे सोलापूरला आल्या. माझा नवरा अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. गाळपाच्या हंगामात तो आठवड्यातून एखादा दिवस घरी आला तर आला. एरवी घरात आम्ही तिघीच असतो.

मी निरोप वाचून दाखवला तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या की मी येईन, बसेन आणि टाळ्या वाजवेन, नटायबिटायचं मला सांगू नका. मुलीनं तोंड पाडलं. मग मी एक सोपी तोड काढली. म्हटलं, आई, तुम्ही शेतकरी आजी व्हा. नऊवारी तुमच्या पेटीत आहे, खुरपं माळ्यावर आहे, डोक्यावर पाटी घेतली की झालं.

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "चाळीस वरसं शेतात राबले की मी," त्या म्हणाल्या. "ते काय सोंग झालं व्हय? सोंग म्हंजी जे आपन न्हाय ते."

आजीचं आणि नातीचं म्हणणं एकच होतं.  मेथी निवडून झाली, त्यांनी देठं कागदात गुंडाळली आणि उठता उठता सहज म्हणाल्या, "गार्ड व्हायचं आसंल तर हुईन."

मला वाटलं बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो तो गार्ड. तसं नव्हतं. त्यांच्या वडलांचं शेत जेऊर स्टेशनच्या अलीकडे रेल्वेच्या रुळाला लागून होतं. सिग्नल मिळेपर्यंत मालगाड्या तिथे थांबून राहायच्या. इंजिन इतकं लांब पुढे असायचं की धुरापलीकडे काही दिसायचं नाही, पण शेवटचा डबा बरोबर त्यांच्या बांधापाशी यायचा. त्या डब्याच्या कठड्याला टेकून पांढरा कोट, पांढरी पँट आणि टोपी घातलेला गार्ड उभा असायचा. सासूबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. त्या बांधावर उभ्या राहून त्याच्याकडे बघायच्या. मग तो हिरवा झेंडा काढून हलवायचा आणि एवढी मोठी गाडी चालू लागायची. गाडी नेतो इंजिनवाला, पण सोडतो हा, आणि तेही शेवटी उभं राहून, हे त्यांना फार आवडलं होतं. एकदा त्यांनी वडलांना सांगितलं होतं की मला गार्ड व्हायचंय. वडील म्हणाले होते, पोरीला कोण गार्ड करतं का. हे सगळं त्यांनी अगदी हसत सांगितलं, त्यात खंत वगैरे काही नव्हती. चाळीत शेजारणीला सांगावं तसं सांगितलं.

"मग मी इंजिन," मुलगी म्हणाली, आणि विषय संपला.

मी आधी मोबाईलवर शोधलं. रेल्वेगार्ड लिहिलं की अंगरक्षकांचे काळे सूट दिसत आणि इंजिन लिहिलं की खेळण्यातल्या आगगाड्या. तेव्हा प्रयोगशाळेतल्या एका बाईनं मला भवानी पेठेतल्या ड्रेपरीवाल्याचं दुकान सांगितलं. गॅदरिंगसाठी, नाटकांसाठी कपडे भाड्यानं देणारं ते जुनं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर आम्ही तिघी रिक्षानं तिकडे गेलो.

दुकान टॉवेलच्या एका गोदामावर, पहिल्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, धरायला कठड्याऐवजी दोर. वर गेल्यावर आधी डांबरगोळ्यांचा वास आला आणि मग रंग दिसले. छताखाली आडव्या तारा आणि त्यांवर दाटीनं टांगलेले कपडे: मावळ्यांचे अंगरखे, कोळ्यांचे रुमाल, पोलिसांच्या खाकी वर्द्या, एक अख्खा वाघ शेपटीसकट. भिंतीशी दाढ्या-मिशा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून लावून ठेवल्या होत्या. मालक सत्तरीकडे झुकलेले होते, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात मोजायची टेप. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

मी काय हवं ते सांगितलं. चाचांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले की डॉक्टर आहे, वकील आहे, पायलट आहे, फौजी तर चाळीस आहेत, पण दुकान घातल्यापासून रेल्वेचा गार्ड आजवर कुणी मागितलेला नाही. कोण होणार आहे गार्ड, असं त्यांनी विचारलं. सासूबाई पदर नीट करून म्हणाल्या, "मी."

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं, हसले नाहीत. एक स्टूल पुढे करून म्हणाले, "बैठो, अम्मा. काढतो काहीतरी."

मग ते तारांमध्ये शिरले आणि बराच वेळ नुसते हँगर सरकल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आले ते एक पांढराशुभ्र पोशाख घेऊन. देशभक्तीच्या गाण्यांवर नाच बसवतात त्यात एकाला नौदलाचा अधिकारी करतात, त्याचा तो होता. कोट, पँट, टोपी, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. पट्ट्या काढून टाकू, बटणं बदलू, टोपीवरचा नांगर उसवू, म्हणजे गार्डच की, असं ते म्हणाले.

कोपऱ्यात पडदा लावलेला होता. सासूबाई तो पोशाख घेऊन आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. त्यांनी साडीवरूनच कोट चढवला होता. टोपी घातली होती, पण डोक्यावरच्या पदरावर. पँट घडी करून हातात धरलेली होती. त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. मी म्हटलं, छान दिसतंय आई, असंच चालेल. चाचाही म्हणाले, चालेल. मुलीनं मात्र मान हलवली. सासूबाईंनी स्वतःला वरून खालपर्यंत पाहिलं आणि टोपी काढली. त्यांना ते पटलेलं नव्हतं हे मला दिसत होतं. पण पँट घालायचं त्यांच्या तोंडून निघत नव्हतं आणि मी सुचवायला धजत नव्हते. त्यांनी आयुष्यात साडीशिवाय काही घातलं नव्हतं. आजारपणातसुद्धा गाऊन नको म्हणालेल्या बाई.

तोवर इंजिनाचं भांडण सुरू झालं. चाचांकडे फोमचं एक घर होतं, 'माझे घर' असं काहीतरी सादर करणाऱ्या मुलांसाठी केलेलं. त्यातून डोकं आणि हात बाहेर काढायचे. घराला धुराडं होतंच. चाकं रंगवली की वाफेचं इंजिन होईल, असं चाचांचं म्हणणं, आणि सासूबाईंना ते एकदम मान्य. मुलीला मात्र अजिबात मान्य नव्हतं. इंजिनाला धुराडं नसतं, वर तारांना टेकणारं ते जाळीसारखं असतं, मी बघितलंय, असं ती म्हणू लागली. आजी म्हणाली की धूर नसेल तर ते इंजिन कसलं. नात म्हणाली की धूर निघाला तर आग लागलीय म्हणतात. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी चाचांकडे पाहिलं.

चाचा म्हणाले, "आधी ठरवून या, इंजिन कवाचं पायजे. मग मी कापतो."

घरी येताना रिक्षात दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. रविवारी मी दोघींना सोलापूर स्टेशनवर नेलं. प्लॅटफॉर्मची तिकिटं काढली आणि आत जाऊन एका बाकावर बसलो. एक पॅसेंजर गाडी लागलेली होती. आधी आम्ही चालत चालत इंजिनापर्यंत गेलो. मुलीनं वरच्या जाळीकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी मान वर करून ती जाळी, ती तार, ते खांब असं सगळं नीट पाहिलं. जेऊर ते सोलापूर कितीदा तरी त्यांनी गाडीनं केलं असेल, पण डब्यात बसायचं आणि उतरायचं एवढंच. इंजिनाकडे कशाला कोण जातंय. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "बरं. धूर न्हाय तर न्हाय. पन आवाज मोठा काढायचा." नात म्हणाली, काढते. भांडण मिटलं.

मग आम्ही उलट्या दिशेनं गाडीच्या शेपटाकडे गेलो. खूप चालावं लागलं. शेवटच्या डब्याच्या दारात पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घातलेली एक बाई उभी होती. तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, काखेत दोन झेंडे गुंडाळलेले, एक लाल आणि एक हिरवा. सासूबाई थांबल्या. मला वाटलं दुरूनच बघतील, पण त्या सरळ तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, तूच गार्ड का. ती हो म्हणाली. गाडी सुटायला अजून वेळ होता, त्यामुळे ती खाली उतरली. मी तिला सगळी हकिगत सांगितली आणि ती मनापासून हसली. तिनं मुलीच्या हातात शिट्टी दिली, झेंडा कसा धरायचा, किती हलवायचा ते दाखवलं. मुलीला बजावलं की इंजिन कितीही मोठं असलं तरी हिरवा झेंडा दिसल्याशिवाय त्यानं एक पाऊलसुद्धा हलायचं नसतं. मुलीनं हे इतक्या गंभीरपणे ऐकलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सासूबाई मात्र झेंड्याकडे नाही, तिच्या पँटकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच.

"बाई, ह्यात उठा-बसायला आडचन न्हाय का व्हत?"

"मावशी," ती म्हणाली, "साडीत डब्यावर चढायला जास्त अडचण होईल की."

सासूबाईंनी त्या डब्याच्या उंच पायऱ्यांकडे पाहिलं. "व्हय, ते बी खरं हाय," त्या म्हणाल्या.

गाडी सुटली तेव्हा त्या बाईनं आमच्याकडे बघूनही एकदा झेंडा हलवला. सासूबाई गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत उभ्या राहिल्या. बाहेर येऊन रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "चाचाकडं जाऊ. पँट घालून बगते."

रविवार असूनही दुकान उघडं होतं, जानेवारीत त्यांना सुट्टी नसतेच. चाचांना कळलं तसं त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः पाठ करून उभे राहिले. मी पडद्याआड कंबर, लांबी असं एकेक मोजून सांगत होते आणि ते तिकडे कागदावर लिहीत होते. कंबर सैल निघाली, लांबी जास्त. त्यांनी तिथल्या तिथे मशीनवर बसून कमरेला नाडी घातली, खालून दोन बोटं दुमडली. सासूबाई पुन्हा आत गेल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही. माझ्यापुढे एक ताठ, काटक, पिकल्या केसांचा माणूस उभा होता. केसांचा अंबाडा टोपीत दडला होता. फक्त हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. जन्मभर पदर सावरायची सवय, आता सावरायला काही नव्हतं. हात खांद्याकडे जायचे आणि रिकामे परत यायचे. दोन-तीनदा असं झालं आणि मग त्यांच्या बोटांना बाजूचा खिसा लागला. त्यांनी हात आत घातला. दुसऱ्या बाजूला चाचपलं, तिकडेही होता.

"दोन खिसं हायती की ह्याला," त्या मला म्हणाल्या, जणू ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी त्यांच्यापासून लपवून ठेवली होती.

दोन्ही हात खिशात घालून त्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आल्या. वाघाला जरा बाजूला सारलं. मुलगी मागोमाग चालत होती. चाचा मशीनवरून बघत होते, आणि म्हणाले की अम्मा, फौजी चाळीस आहेत माझ्याकडे, पण असा चालणारा एक नाही. त्यांनी त्या घराचं धुराडं कापलं, दोन हँगरच्या तारा वाकवून वरची जाळी केली आणि कौलांवर निळा रंग मारून दिला. खिडक्या होत्याच, त्यांची काच झाली. जवळून पाहिलं तर घर दिसायचं, पण लांबून इंजिन होतं.

कार्यक्रम शनिवारी होता. सोमवारपासून सासूबाई रोज दुपारी पँट घालून घरात सराव करू लागल्या. मला कामावरून आल्यावर मुलगी अहवाल द्यायची. आजी जिना चढली, आजी खाली मांडी घालून बसली आणि उठली, आजीनं भाकरी केली. सराव सोपा होता. आजीनं शिट्टी वाजवायची, हिरवा झेंडा दाखवायचा, मग इंजिनानं भोंगा करून निघायचं, मध्ये लाल दाखवला की थांबायचं, पुन्हा हिरवा दाखवला की जायचं. शेवटी आजीनं रेल्वेविषयी दोन वाक्यं बोलायची. ती मी लिहून दिली होती आणि त्यांनी पाठही केली होती.

नवऱ्याला हे सगळं मी फोनवर सांगितलं नव्हतं. आजी काहीतरी होणार आहे एवढंच त्याला माहीत होतं. शुक्रवारी संध्याकाळी तो अकलूजहून आला, हातपाय धुऊन बसला आणि त्याची नजर दारामागे टांगलेल्या पांढऱ्या कपड्यांवर गेली. कुणाचे म्हणून विचारलं. मुलीनं सांगितलं.  चहा झाल्यावर त्यानं आईला हळूच म्हणून पाहिलं की नऊवारी नेसून शेतकरी आजी झाली असतीस तरी छान दिसली असतीस, आपल्या ओळखीचे पुष्कळ लोक असतील तिथे, उगाच कुणी हसेल.

सासूबाई चपातीला तेल लावत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुजा बाप जलमभर पँट घालत हुता. मी कदी हसले का?"

तो कप उचलून बाहेरच्या खोलीत गेला. मला वाटलं तो रुसलाय. सकाळी मी उठून स्वयंपाकघरात आले तर तो बाहेरच्या खोलीत टेबलावर चादर पसरून आईची पँट इस्त्री करत होता. पाणी शिंपडून, दाब देऊन, पुढची घडी अगदी सुरीसारखी करत होता. कारखान्यात तपासणीला वरचे साहेब येणार असले की स्वतःची करतो तशी. माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं, कोटाच्या कॉलरला स्टार्च केलाय का.

शाळेचा हॉल भरलेला होता. रंगमंचाच्या कडेला एक छोटं टेबल होतं आणि त्यावर पाहुण्या बाईंच्या सत्काराचं तबक ठेवलेलं. नारळ, फुलं, ओटीचा खण. एक आजोबा अस्वल होऊन आले होते आणि त्यांना आतून इतकं उकडत होतं की मुखवटा वर करकरून ते पाणी पीत होते. एक आजी फुलपाखरू होती, नातू फूल. सासूबाई वर्गातून बाहेर आल्या तेव्हा बसलेल्या दोन-चार बायकांनी वळून पाहिलं, पण त्या कुणाकडे न बघता चालत गेल्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. नवरा मागे, शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून उभा होता.

त्यांचा नंबर आला. इंजिन रंगमंचाच्या एका टोकाला येऊन उभं राहिलं आणि गार्ड चार पावलं मागे. हॉलमध्ये आधी हसू आणि मग टाळ्या झाल्या. सासूबाईंनी शिट्टी वाजवली. छान वाजली. मग काखेतला झेंडा काढून उलगडला. तो लाल होता. त्यांनी दुसऱ्या काखेत हात घातला. तिथे काही नव्हतं. खिशात पाहिलं, दोन्ही खिशांत, तिथेही नव्हतं. हिरवा झेंडा टोपी नीट करताना त्यांनी नातीकडे धरायला दिला होता आणि नातीनं तो वर्गातल्या बाकावर ठेवला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "चल की." समोर माईक होता, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू आलं.

"झेंडा दाखव," इंजिन म्हणालं.

"झेंडा न्हाय. चल तू."

"झेंड्याशिवाय हलायचं नसतं."

हॉल हसायला लागला. मॅडम विंगेतून हातानं खुणा करत होत्या, चल बाळा, पुढे ये. इंजिन हललं नाही. मी उठून वर्गाकडे पळावं का या विचारात होते, पण रांगेच्या मधून निघायला वाट नव्हती. नवऱ्याकडे मागे वळून पाहिलं तर तो भिंतीपासून सुटा होऊन सरळ उभा राहिला होता. मला भीती वाटली की आता सासूबाई ओशाळतील, आजवर कधी घातले नव्हते ते कपडे घालून चारशे माणसांपुढे उभ्या आहेत, एका मिनिटात उतरून जातील आणि पुन्हा कशालाच तयार होणार नाहीत.

त्यांनी टोपी थोडी मागे सरकवली आणि इकडेतिकडे पाहिलं. मग चालत कडेच्या टेबलापाशी गेल्या, तबकातला नारळ उचलून बाजूला ठेवला आणि खाली घडी करून ठेवलेला खण घेतला. हिरवागार होता, जरीच्या काठाचा. तो त्यांनी झटकून उलगडला, पाहुण्या बाईंकडे बघून जरा मान लववली, परत आपल्या जागेवर गेल्या आणि हात पुरता वर करून तो खण हलवला.

इंजिनानं असा भोंगा केला की पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानावर हात ठेवले. आणि ते निघालं. पाहुण्या बाईच आधी उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या, मग बाकीचे. मध्ये लाल झेंडा दाखवायचा होता, तो सासूबाईंनी दाखवला, इंजिन थांबलं. पुन्हा खण हलला, इंजिन सुटलं. दुसऱ्या टोकाला जाऊन ते विंगेत शिरलं आणि त्याच्यामागे गार्ड सावकाश चालत गेला, एक हात खिशात. पाठ केलेली दोन वाक्यं त्या बोलल्याच नाहीत. आत जायच्या आधी मात्र आठवणीनं टेबलापाशी वळल्या, खणाची घडी घातली, तबकात ठेवला आणि वर नारळ ठेवला.

पहिलं बक्षीस अस्वलाला मिळालं. आमच्या जोडीला उत्तेजनार्थ, एक डबा आणि प्रमाणपत्र. मला जरा वाईट वाटलं, पण सासूबाई म्हणाल्या की अस्वल चांगलं नाचलं, त्याला मिळायलाच पाहिजे होतं. बाहेर पटांगणात नवरा आमची वाट बघत होता. त्यानं मुलीला इंजिनातून बाहेर काढलं आणि मग आईसमोर येऊन काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "आई, झेंडा विसरलीस की."

"गाडी सुटली का न्हाय?" त्यांनी विचारलं.

तो हसला. मग त्यानं आमच्या तिघींचा फोटो काढला. नंतर मोबाईल माझ्याकडे दिला आणि आईशेजारी स्वतः उभा राहिला.

कपडे दुसऱ्या दिवशी परत करायचे होते. सासूबाईंनी ते आदल्या संध्याकाळीच स्वतः धुवून वाळत घातले, भाड्याचे असले म्हणून काय झालं, असं म्हणाल्या. चाचांना मी खणाची गोष्ट सांगितली. त्यांनी सासूबाईंना कौतुकानं विचारलं की पुढच्या वर्षी काय व्हायचं. त्या म्हणाल्या, बघू, आधी पोरीला काय व्हायचं ते ठरू दे.

पंधरा दिवसांनी जेऊरहून त्यांचे धाकटे भाऊ हुरडा घेऊन आले. ताटात हुरडा आणि शेंगाचटणी घेऊन ते बाहेरच्या खोलीत बसले होते आणि सासूबाई आत ताक घुसळत होत्या. भिंतीवर आम्ही पटांगणातला तो मायलेकांचा फोटो लावला होता. खाता खाता त्यांनी तो पाहिला, उठून जवळ गेले, पुन्हा येऊन बसले आणि आवाज खाली करून मला विचारलं, "सूनबाई, ह्ये सायेब कोन?"

मी म्हटलं, मामा, आतून ताक घेऊन येतील, त्यांनाच विचारा.